देवाची आज्ञा आणि मालकाची कच्ची वही

प्रश्न विचारणारा तरुण सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आलो, देवाच्या आज्ञा पाळा. उपदेशात मात्र सांगतात, तारण कृपेनं होतं, कर्मांनी नाही. मग पाळायचं कशाला? आणि आज्ञा नेमकी कुणाची? आमच्या प्रार्थना सभेचे सेवक म्हणतात, माझं ऐकलं नाही म्हणजे देवाचं ऐकलं नाही. घरी वडीलही तेच म्हणतात. मालक म्हणतो, कामगार तीस असले तरी रजिस्टरला अठराच लाव, बाकीचे कच्च्या वहीत. मी हे सगळं ऐकतो आणि रात्री झोप येत नाही. उपास धरून प्रार्थना करू का?"

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून. ख्रिस्ती विश्वासात आज्ञापालन म्हणजे तारणासाठी मोजायची किंमत नव्हे. देवाने ज्याला आधीच सोडवलं आहे, त्याने सुटलेल्या माणसासारखं जगायचं, असा त्याचा अर्थ आहे. आणि सुटलेल्या माणसाने पुन्हा कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नसतं. सेवकाच्या नाही, मालकाच्या नाही, स्वतःच्या भीतीच्याही नाही. म्हणूनच देवाचं ऐकणारा माणूस आजूबाजूच्यांना पुष्कळदा हट्टी वाटतो.

दहा आज्ञा तुला पाठ असतील. आपल्या मुलांना त्या धडाधड म्हणता येतात, नाताळच्या कार्यक्रमात बक्षीसही मिळतं. पण पाठ करताना आपण त्यांच्या आधीचं वाक्य गाळतो. निर्गम २०:२ मध्ये देव आधी स्वतःची ओळख देतो: तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुझा देव. त्यानंतर पहिली आज्ञा येते. तांबडा समुद्र ओलांडला १४ व्या अध्यायात, आज्ञा मिळाल्या २० व्यात. विटा थापणाऱ्या त्या गुलामांना देव मिसरातच म्हणाला असता की आधी या दहा गोष्टी वर्षभर पाळून दाखवा, मग सोडवतो, तर एकही जण बाहेर पडला नसता. मिसरचा राजा फारो, त्याच्या राज्यात त्याचंच ऐकावं लागतं. देवाची आज्ञा पाळायला आधी मोकळं व्हावं लागतं, आणि ते मोकळं करणं देवाचं काम आहे.

तोच क्रम नव्या करारात दिसतो. इफिसकरांस पत्र २:८ आणि ९ आपण फार आवडीने वाचतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून कर्मांनी नव्हे. आणि तिथेच पुस्तक मिटतो. पुढचं १० वं वचन म्हणतं की आपल्याला ख्रिस्त येशूच्या ठायी निर्माण केलंय ते सत्कृत्यांसाठी. तुझा पहिला प्रश्न ८-९ आणि १० यांच्यामधल्या फटीत अडकलाय. ती वचनं एका दमात वाच, फट दिसणार नाही.

आज्ञांच्या आतही डोकावून बघ. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची आज्ञा अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात पुन्हा सांगितली आहे, तिथे विसाव्याचं कारण दिलंय: तुझ्या दासाला, तुझ्या दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसरात दास होतास. म्हणजे देवाची आज्ञा ही वरच्या माणसाची सोय बघणारी आज्ञा नाही. जो राबतो त्याचा विचार तिच्यात आधीच केलेला आहे. तुझ्या कच्च्या वहीकडे येऊ तेव्हा हे लक्षात असू दे.

मंडळ्यांमधून आज्ञापालनाविषयी एक वेगळीच शिकवण फिरते, ती इथेच बाजूला काढतो. आज्ञा पाळ, म्हणजे नोकरी लागेल, मूल होईल, कर्ज फिटेल. मोडलीस तर घरात आजार येईल. अनुवाद २८ मधले आशीर्वाद आणि शाप तेवढे उचलायचे आणि नीतिमान माणसावरही संकटं कोसळतात हे सांगणारं ईयोब हे पुस्तकच शास्त्रात नाही असं वागायचं. देव म्हणजे भिशी नव्हे, की दर महिन्याला आज्ञापालनाचा हप्ता भरला की कधीतरी आपला नंबर लागणार. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९:३). तरीही आपल्याकडे एखाद्या बाईचा मुलगा अपघातात गेला की मातीलाच कुजबुज सुरू होते, कमाईचा दशांश मंडळीला देत नव्हते म्हणे. अशा वेळी मला राग आवरत नाही आणि मी तो आवरतही नाही.

आता इस्राएलचा पहिला राजा शौल याची गोष्ट, कारण आज्ञापालनावर बोलताना हमखास उद्धृत होणारं वचन तिच्यातलं आहे: यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे (१ शमुवेल १५:२२). तो अध्याय अवघड आहे. अमालेकांच्या संहाराची आज्ञा वाचताना माझं मन आजही अडखळतं आणि ज्याचं अडखळत नाही त्याची मला थोडी काळजी वाटते. पण शौल कुठे घसरला ते नीट बघ. तो उघडपणे नाही म्हणाला नाही. जनावरंही मारायची आज्ञा होती, त्याने चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्ट्याला वर म्हणाला, परमेश्वराला यज्ञ करायला ठेवली आहेत. शमुवेल त्याला शोधत निघाला तेव्हा कळलं की त्याने कर्मेलात स्वतःसाठी स्मारकही उभारलंय, १२ व्या वचनात ते आहे. आणि शेवटी खरं कारण तोंडून निघालं: मी लोकांना भ्यालो. अवज्ञा अशी असते, सोलापुरात काय आणि शौलाच्या गिलगालात काय. लाभ स्वतःकडे, नाव देवाचं, आणि मुळाशी लोकांची भीती. कामगारांचे पैसे बुडवून मंडळीच्या इमारतीला पंखे देणारा दानशूर मी पाहिला आहे. त्याच्या नावाची पाटी लागली तेव्हा मला हा अध्याय आठवला होता.

तुझा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आज्ञा कुणाची?

तुमचे सेवक बहुधा इब्री १३:१७ वाचून दाखवत असतील, आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा. वचन खरं आहे. पण त्याच वचनात पुढे म्हटलंय की त्या पुढाऱ्यांना तुमच्या जिवांचा हिशेब द्यायचा आहे. आणि १ पेत्र ५:३ मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बजावतं की कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा. सेवक हा अर्धाच भाग वाचत असेल तर उरलेला तू मोठ्याने वाच, नम्रपणे, पण सभेत. बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांना त्यासाठी मोठ्या मनाचे म्हणतं, बंडखोर नव्हे. मी स्वतः पाळक आहे. माझा उपदेश संपल्यावर कुणी शास्त्र उघडून उभा राहिला तर मला घाम फुटतो, पण मंडळी जिवंत आहे एवढं कळतं.

या बाबतीत आपल्या मराठी मंडळीला पंडिता रमाबाईंसारखा वारसा आहे, आपण तो फोटोला हार घालण्यापुरता ठेवलाय. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तिथल्या भगिनीमंडळाला वाटत होतं की या नव्या बाईने वरिष्ठांनी सांगितलेली शिकवण मुकाट्याने घ्यावी. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की मी मोठ्या कष्टाने पुरोहितांच्या एका जोखडातून सुटले आहे. आता धर्मगुरूंकडून येईल ते सगळं देवाची आज्ञा समजून दुसऱ्या तशाच जोखडाखाली मी जाणार नाही. ही बाई देवाची आज्ञा न मानणारी होती का? तिने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना आणि विधवांना घर दिलं, आणि हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं शास्त्र मराठीत आणलं. १९२२ मध्ये ती गेली तोवर ते काम चालू होतं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे टाकलं की केडगाव स्टेशन लागतं. तुमच्या सेवकांना एकदा तिथे घेऊन जा.

मग ओळखायचं कसं? कुणी "देवाने मला सांगितलंय, तू असं कर" म्हणालं की मी काही गोष्टी तपासतो. ती सूचना येशूच्या वागण्याशी जुळते का, हे पहिलं. तिच्यातून फायदा कुणाचा होतो, हे दुसरं. सांगणाऱ्याचाच होत असेल तर थांबायचं. ती उजेडात, चार विश्वासू माणसांसमोर सांगता येते का? "हे कुणाला सांगू नकोस, देवाची तुझ्यासाठी खास योजना आहे" असं ऐकलंस की चप्पल घाल आणि बाहेर पड. पैसा, लग्न आणि औषध या तीन विषयांत तर दुप्पट सावध राहा. विश्वास आहे तर इन्सुलिन बंद कर, असं सांगणारा माणूस देवाच्या नावाने तुझा जीव धोक्यात घालतो आहे.

अब्राहामाचं उदाहरण तुला देतील, मुलगाही अर्पण करायला तो तयार झाला म्हणून. उत्पत्ती २२ मी कधीच सहज वाचू शकलो नाही. पण त्या गोष्टीत अखेर देव हात थांबवतो. मुलांचे बळी देणाऱ्यांविषयी देव यिर्मया संदेष्ट्याकडून म्हणवतो की अशी आज्ञा मी केली नव्हती, ते माझ्या मनातही आलं नव्हतं (यिर्मया ७:३१). घरच्यांचा बळी देऊन दाखवायची भक्ती त्याला नको आहे.

तरीही आज्ञापालनाची झळ घरच्यांना कधी लागतच नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराचं आकाश फाटलं. त्यांनी ती वर्षं नातेवाइकांकडे काढली, त्यातली काही आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात. टिळकांना देवाची हाक स्पष्ट होती, यात मला शंका नाही. पण किंमत आधी लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि त्यांना ती कुणी विचारून लावली नव्हती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो मात्र स्वतःला पटल्यावर. टिळकांचं गीत गाताना आपण ही बाजूही आठवावी असं मला वाटतं. तू जो काही निर्णय घेशील त्याची झळ कुणाला लागणार आहे ते आधी त्या माणसांना सांग. देवाचं नाव घेऊन त्यांना अंधारात ठेवू नकोस.

आता वही. तीस कामगारांचे अठरा का दाखवायचे, हे तुलाही माहीत आहे. वीस किंवा जास्त कामगार असले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. विसाच्या आत दाखवले की मालकाचा हिस्सा वाचतो. त्या बारा जणांच्या म्हातारपणातला पैसा इथे कापला जातोय आणि तो कापणारा पेन तुझ्या हातात आहे. याकोब ५:४ मध्ये अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. आपल्या शहरात हे वचन समजावून सांगावं लागत नाही. गिरण्या बंद पडल्यावर हिशेबासाठी खेटे घातलेल्यांची घरं इथे गल्लोगल्ली आहेत. बिड्या वळणाऱ्या बायांना विचार, "छाट" म्हणून, म्हणजे खराब ठरवून, बाजूला काढलेल्या बिड्यांचं पुढे काय होतं.

मला एका विश्वासणाऱ्याने अशाच प्रसंगी विचारलं होतं, "पाळकसाहेब, देवाचं ऐकतो की, पण पोटाचं काय ओ?" प्रश्न खोटा नाही. घरात म्हातारे आईवडील, बहिणीची फी, आणि वर नोकरी सोडून देवावर भरवसा ठेव असं सांगणं पाळकाला सोपं असतं. त्याचा पगार मंडळी देते. म्हणून तुला दानीएलाचा पहिला अध्याय वाचायला सांगतो. सिंहांची गुहा फार पुढे येते. आधी बाबेलच्या दरबारातलं जेवण आहे. दानीएलाने ताट फेकलं नाही. त्याने मनात ठरवलं, मग अधिकाऱ्याला विनंती केली, अधिकारी घाबरला तेव्हा त्याची अडचण समजून घेतली आणि कारभाऱ्यापुढे दहा दिवसांचा प्रयोग ठेवला: आम्हाला शाकान्न आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे पाहा. ठरवणं पक्कं, बोलणं मऊ, हातात पर्याय.

तूही मालकाकडे पर्याय घेऊन जा. तीसही जणांची नावं लावली तर महिन्याला खर्च किती वाढतो ते कागदावर मांड. तपासणीत सापडलं तर मागची थकबाकी, व्याज आणि दंड मिळून काय होईल ते सीएला विचारून शेजारी लिही. पुष्कळ मालकांना धर्माची भाषा कळत नाही, ही भाषा कळते. आणि शेवटी शांतपणे सांग, खोट्या रजिस्टरवर माझ्या हाताने लिहिणार नाही. तो ऐकेल याची खात्री मी देत नाही. नाही ऐकलं तर दुसरं काम शोधायला आजपासून लाग, आणि मंडळीला सांग. मंडळी तुझ्यासाठी हात वर करून प्रार्थना करेल आणि तीन महिन्यांचं रेशन भरणार नाही, असं होत असेल तर आज्ञा मोडणारा तू एकटा नाहीस.

कुणी म्हणेल, रोमकरांस १३ मध्ये वरिष्ठांच्या अधीन राहायला सांगितलंय. तिथे सत्ताधाऱ्यांविषयी आहे, लबाड हिशेबाविषयी नाही. आणि सत्ताधाऱ्यांपुढेही हद्द आहे. फारोने मुलगे मारायला सांगितलं तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी ऐकलं नाही, आणि देवाने त्यांचं भलं केलं. पेत्राने न्यायसभेला तोंडावर सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. इंग्रजांचा १९३० चा मार्शल लॉ पाहिलेल्या, चार हुतात्म्यांचे पुतळे असलेल्या गावाला तो १३ वा अध्याय डोळे मिटून वाचायचा नसतो, हे मी निराळं काय सांगू?

वडिलांविषयी थोडक्यात. इफिसकर ६:१ मुलांना सांगतं की प्रभूमध्ये आईबापांच्या आज्ञेत राहा, आणि तीनच वचनांनंतर बापांना म्हणतं, मुलांना चिरडीस आणू नका. तू आता कमावता आहेस. वडिलांचा मान राखणं आयुष्यभर आहे, त्यांच्या प्रत्येक शब्दाला होकार देणं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत जायचं की नाही, शेजाऱ्यांनी दिलेले तिळगूळ खायचे की नाही, यावरून तुमच्या घरी वाद होत असतील तर १ करिंथ ८ ते १० दोघांनी मिळून वाचा. पण अशा गोष्टींत सगळा जोर संपवू नका. पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश काटेकोर देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलं होतं. जत्रेतल्या पाळण्यात बसलो तर पाप होईल का, असं मला विचारणारे पुष्कळ भेटतात. कच्च्या वहीविषयी विचारणारा तू विरळाच.

आणि मनातून इच्छा होत नसेल तर? तर काही बिघडत नाही. दोन मुलांच्या दाखल्यात एकाने "जात नाही" म्हटलं आणि मग गेला, दुसरा "जातो" म्हणून गेलाच नाही. बापाची इच्छा पहिल्याने पूर्ण केली. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा प्याला टळो अशी विनंती केली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इब्री ५:८ म्हणतं की पुत्र असूनही तो दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला. जे त्याला शिकावं लागलं ते तुला-मला उपजत येईल ही अपेक्षाच चुकीची. आधी आनंद वाटेल, मग पाळीन, असं म्हणत बसलास तर वही तशीच लिहीत राहशील. बहुतेकांचं उलटं होतं: पाऊल आधी पडतं, मन मागून येतं, कधी कधी वर्षभराने येतं.

राहिला उपास. धर, पण त्याआधी यशया ५८ वाच. तिथे लोक देवाला विचारतात, आम्ही उपास करतो तरी तू बघत का नाहीस? देव उत्तर देतो की उपासाच्या दिवशीही तुमचा धंदा चालूच असतो आणि तुम्ही मजुरांना पिळता. त्याला हवा तो उपास म्हणजे जोखडाच्या दोऱ्या सोडणं. एखादा शुक्रवार त्यासाठी ठेव, संध्याकाळी माझ्याकडे ये, त्या कागदावरचे आकडे दोघे मिळून तपासू. मालकाकडे मात्र दुसऱ्या दिवशी जा, आणि जाताना भाकरी खाऊन जा. उपाशीपोटी माणूस नको तेवढा चिडतो.